बेथायाची साक्ष

आमच्या मंडळीत आत घेण्याआधी माणसाला सभाघरात सगळ्यांसमोर उभं करतात आणि विचारतात, देवाने तुझ्या आत्म्याशी काय केलं ते सांग. याला आम्ही साक्ष म्हणतो. मग डीकन, म्हणजे मंडळीचे कारभारी, खोदून प्रश्न विचारतात. साक्ष पटली तर पुरुष हात वर करतात आणि तो माणूस सभासद होतो, मग त्याची मुलं बाप्तिस्म्याला चालतात. नाही पटली तर तो मागच्या बाकावर परत जाऊन बसतो, आणि त्याची मुलं बाप्तिस्म्याविना वाढतात किंवा मरतात. खाडीकाठच्या आमच्या या गावात हिवाळा असा असतो की वाढण्यापेक्षा मरणारीच जास्त.

मी टॅमसिन रड. विधवा आहे, सुईण आहे, आणि हे सभाघर उभं राहिल्यापासून त्यात झालेली एकूण एक साक्ष मी ऐकली आहे. लहानपणी इंग्लंडात आम्ही जत्रेत नाटकं बघायचो. इथे, समुद्रापलीकडे, नाटक पाप, पत्ते पाप, नाचगाणं पाप, नाताळसुद्धा पाप. मग माणसाने ऐकायचं काय? साक्षी. कोण कुठे अडखळलं, कोणी कोणाचं वचन उचललं, कोणाचा हुंदका खरा आणि कोणाचा सवयीचा, हे मला चांगलं कळतं. आमचे पाद्री मिस्टर हॅलेट म्हणतात, साक्ष साधी हवी, शब्दांना झालर नको. साधी, पण साच्यातली हवी, हे मात्र ते म्हणत नाहीत. साचा सगळ्यांना पाठ आहे. आधी माणूस बेफिकीर असतो. मग एखाद्या प्रवचनाने त्याची झोप उडते. मग तो स्वतःच्या बळावर चांगलं वागायला जातो आणि तोंडावर आपटतो. मग निराशा, आणि निराशेच्या तळाशी पवित्र शास्त्रातलं एखादं वचन भेटून थोडीशी आशा. थोडीशीच हं. ‘माझं तारण झालं, मला खात्री आहे’ असं जो म्हणाला तो बुडालाच, कारण खात्री असणारा माणूस ढोंगी असतो, हे इथे शेंबडं पोरही सांगेल.

बेथाया ड्रू माझी शेजारीण. तिचा नवरा एनॉस लाकडी पिंपं बनवतो. तिने तीन मुलं पुरली होती. तिन्ही माझ्याच हातांवर जन्मली आणि एकही बाप्तिस्मा होऊन गेलं नाही, कारण आई सभासद नाही आणि बापही नाही. एनॉस एकदा साक्षीला उभा राहिला होता. म्हणाला, “मला भीती वाटते. त्यापुढचं काही झालेलं नाही.” मंडळी म्हणाली, थांब, देव पुढचं करील तेव्हा ये. तो अपमान त्याने गिळला आणि पुन्हा म्हणून उभा राहिला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, तसला माणूस.

चौथ्या खेपेला मुलगी झाली ती ऐन बर्फात. पहिले काही दिवस बरी होती, मग दूध ओढेनाशी झाली. मी कापूस भिजवून तिच्या ओठांना लावायची तर ती तो नुसता तोंडात धरून ठेवायची. इतक्या मुलांना मी या जगात आणलं आहे की कुठलं राहणार आणि कुठलं जाणार हे माझ्या हातांना आधी कळतं. मी कापूस पुन्हा भिजवायला घेतला. पण बेथायाने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला समजलं.

“टॅमसिनबाई, शब्बाथपर्यंत राहील का ही?”

“देव तारी त्याला कोण मारी,” मी म्हणाले.

“ते सोडा. राहील का?”

“शब्बाथपर्यंत राहील.”

“मग मी या शब्बाथला उभी राहते.”

साक्षीसाठी तिचं नाव पानगळीतच मंडळीपुढे गेलेलं होतं, पोट दिसायला लागलं तेव्हाच. या शब्बाथला, म्हणजे रविवारी, दुपारच्या उपासनेत साक्षी होत्या, त्यानंतर थेट वसंतात. वसंतापर्यंत ही मुलगी राहणार नव्हती. म्हणजे एकच दुपार होती. बेथायाने साक्ष द्यायची, ती पटायची, आणि तिथल्या तिथे मुलीचा बाप्तिस्मा व्हायचा.

मी तिला दुसरी एक वाटही सुचवली होती. माझी आई इंग्लंडात सुईण होती. मूल जातंय असं दिसलं की ती स्वैपाकघरातल्या लोट्याने पाणी घालून बाप्तिस्मा करून टाकायची, पाद्रीची वाट बघायची नाही. इथे तसं केलं तर मला फटके बसतील, हा पोपचा धर्म म्हणून. मी हळूच म्हणाले, “दार लावून घे, मी करते.” बेथाया माझ्याकडे अशी बघत राहिली की मी तिला सैतानाच्या दारी पाठवते आहे.

“ते पाणी लागायचं नाही, टॅमसिनबाई. मंडळीचंच पाणी हवं.”

“मिस्टर हॅलेट तर म्हणतात पाण्यात काही नाही. तारतो तो देव.”

“मला पण तेच म्हणाले. मी विचारलं, पाण्यात काही नाही तर मग देत का नाही?”

“मग काय म्हणाले?”

“म्हणाले, बाई, करार आहे. कुंपणाच्या आतल्या मेंढरांचीच कोकरं आत.” तिने मुलीला छातीशी घट्ट धरलं. “माझी तिघं बाहेर आहेत. बर्फात बाहेर. मला रोज दिसतात. हिला मी बाहेर ठेवणार नाही.”

देवाच्या कराराबद्दल मला फारसं कळत नाही. पण आईला आपली मेलेली मुलं कुंपणाबाहेर थंडीत उभी दिसावीत, असला करार ज्यांनी समजावून सांगितला त्यांचा मला त्या वेळी संताप आला. अजूनही येतो.

मग आम्ही साक्षीला बसलो. चुलीवर मक्याची लापशी शिजत होती, एनॉस मागच्या छपरात पिंपाच्या फळ्या तासत होता, मुलगी माझ्या मांडीवर.

“सांग बघू,” मी म्हणाले. “देवाने तुझ्याशी काय केलं?”

बेथायाने लापशी ढवळली. मग म्हणाली, “लग्नाआधी एकदा मी खाडीच्या गवतात होते. खारं गवत कापत होतो आम्ही. भरती चढायला लागली, सगळ्या बायका ओरडत वर पळाल्या, मी एकटीच मागे राहिले. पाणी गुडघ्याशी आलं. ऊन होतं. मला अचानक वाटलं की कोणीतरी माझ्यावर खूश आहे. मी काही केलं नव्हतं, तरी खूश आहे.”

“पुढे?”

“पुढे काही नाही. मी वर आले.”

“भीती?”

“नाही वाटली.”

“एखादं वचन आठवलं?”

“नाही.”

“पाप? नरक? निदान रडलीस तरी?”

“मला हसू आलं होतं,” ती ओशाळून म्हणाली.

मी कपाळावर हात मारला. “बाई, हे जर तू डीकन गॅम्लिनसमोर बोललीस ना, तर तुला मागच्या बाकावरही ठेवायचे नाहीत. न घाबरता देव भेटला? हसत? डीकन गॅम्लिनच्या आत्म्याला देव भेटला तेव्हा तो आठवडाभर जेवला नव्हता, साक्षीत त्याने तासभर तेच सांगितलं.”

“पण माझं खरं तेवढंच आहे.”

“खरं राहू दे बाजूला. आधी बेफिकीर होतीस, ते सांग. रिबिनी आवडायच्या ना तुला?”

“एकच होती. निळी.”

“पुरे झाली. निळ्या रिबिनीपासून सुरू कर. मग पहिलं मूल गेलं तेव्हा घाबरलीस ते सांग. मग खूप प्रार्थना केल्यास, त्यांचा तुला गर्व झाला.”

“गर्व नव्हता झाला.”

“झाला होता असं सांग.”

“खोटं बोलू? तिथे?”

“खोटं नाही गं. राहून गेलेलं.”

ती हसली. त्या आठवड्यात एवढं एकदाच हसली. मग मी तिला शेवटचा प्रश्न शिकवला, कारण तो येणार हे मला माहीत होतं. डीकन गॅम्लिन प्रत्येकाला तोच प्रश्न विचारतो, ‘देवाच्या गौरवासाठी तुला नरकात जावं लागलं तर तू राजी आहेस का?’ नवख्या माणसाला दरदरून घाम फुटतो. पटकन हो म्हणालं तर उथळ, नाही म्हणालं तर देवापेक्षा स्वतः प्रिय. “थोडं थांबायचं,” मी म्हणाले, “खाली बघायचं, आणि म्हणायचं, राजी व्हावं अशी माझी इच्छा आहे, देवाने बळ द्यावं. बस्स.”

“पण हिच्यासाठी मी खरंच राजी आहे,” ती म्हणाली.

“हिच्यासाठी नाही, वेडे. देवाच्या गौरवासाठी.”

या डीकन गॅम्लिनबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. तो दुष्ट नाही. त्याला स्वतःला साक्षीच्या वेळी आधीच्या म्हाताऱ्या पाद्रींनी विचारलं होतं, तुझा मुलगा देवाने मागितला तर? तो म्हणाला, राजी आहे. त्याच हिवाळ्यात त्याचा मुलगा खाडीच्या बर्फाखाली गेला. मी याला बोलाफुलाची गाठ म्हणते. गावाने तसं म्हटलं नाही. इथे धुराड्यातली वीट पडली तरी ती देवाने कोणासाठी पाडली हे लोक शोधतात. गाव म्हणालं, देवाने त्याला शब्दात पकडलं. गॅम्लिनही तेच म्हणाला आणि त्यातच त्याने आपलं दुःख बांधून ठेवलं. बेथाया तेव्हा मोठी मुलगी होती. हे सगळं ती ऐकून होती.

शब्बाथला सकाळपासून बर्फ पडत होता. सभाघरात शेगडी नसते. आमच्या लोकांना वाटतं देवाची ऊब पुरते. मुलीला मी तीन शालींत गुंडाळलं आणि आतून माझ्या अंगाशी धरलं. बायकांच्या बाजूला दुसऱ्या बाकावर मी, समोरच्या मोकळ्या जागेत बेथाया, पुरुषांच्या बाजूला पार मागे एनॉस. टेबलावर बाप्तिस्म्याचं पितळी भांडं होतं. पाण्यावर साय धरावी तसा बर्फ धरला होता.

“बहीण बेथाया, बोल,” मिस्टर हॅलेट म्हणाले.

तिने निळ्या रिबिनीपासून सुरुवात केली. ठरवल्याप्रमाणे बोलली, पण पाठ केलेलं सांगतात तसं, आणि डीकन गॅम्लिन छताकडे बघायला लागला. मग ती प्रार्थनेच्या गर्वापर्यंत आली आणि थांबली. तिला ते खोटं बोलवेना. सभाघरात लोकांचे बूट वाजायला लागले.

आणि मग ती स्वतःचं बोलली.

“पहिलं मूल गेलं तेव्हा मी देवाला विचारलं, का? दुसरं गेलं तेव्हा विचारलं नाही, कारण मला उत्तराची भीती वाटायला लागली होती. तिसऱ्याला पुरून आले आणि भाकरी भाजायला बसले. माझ्या लक्षात आलं की मी मिठाचा अंदाज बरोबर घेतलाय. मूल मातीत आहे आणि माझा हात मीठ चुकत नाही. तेव्हा मला कळलं की माझ्यात काहीतरी मेलेलं आहे आणि ते मला स्वतःला जिवंत करता येत नाही. त्याने केलं तर करील. मला दुसरं काही माहीत नाही.”

मी आयुष्यभर साक्षी ऐकल्या, अशी ऐकली नव्हती. एकही वचन नाही, एकही हुंदका नाही, आणि बायकांच्या बाकांवर एक डोळा कोरडा नव्हता. मिस्टर हॅलेटनी मान खाली घातली होती. मला वाटलं, झालं, जिंकली ही.

“भावांपैकी कोणाला काही विचारायचं आहे?” मिस्टर हॅलेटनी विचारलं.

डीकन गॅम्लिन उठला. मी मनात म्हटलं, विचार बाबा तुझं नेहमीचं, तिची तयारी आहे. पण त्याचे डोळे ओले होते, आणि ओल्या डोळ्यांचा माणूस नेहमीचं विचारत नाही.

“बहीण बेथाया,” तो म्हणाला, आणि अगदी मायेने म्हणाला, “तू आज इथे देवासाठी आलीस की त्या मुलीसाठी, हे तुझं तुला कळायला हवं. म्हणून विचारतो. देवाच्या गौरवासाठी ती मुलगी आज बाप्तिस्म्याविना गेली, कायमची बाहेर राहिली, तरी तू राजी आहेस का?”

हे मी शिकवलं नव्हतं. हे कोणी कोणाला शिकवू शकत नाही.

बेथाया माझ्याकडे वळली. माझ्याकडे म्हणजे माझ्या शालींकडे. इकडे आड, तिकडे विहीर. नाही म्हणाली तर हात वर होणार नाहीत आणि मुलगी बाहेर राहील. हो म्हणाली तर मुलगी आत येईल, पण ती बाहेर राहिली तरी चालेल असं देवाला सगळ्यांसमोर सांगून. मागच्या बाकावर एनॉस उभा राहिला. त्याला ओरडायचं होतं, पण सभासद नसलेल्या माणसाला तिथे बोलता येत नाही. मी मान हलवली. हो म्हण, पोरी. शब्दच आहे, हो म्हणून टाक.

“राजी आहे,” बेथाया म्हणाली.

इतकं हळू की डीकन गॅम्लिनने कानाला हात लावला.

“राजी आहे,” ती पुन्हा म्हणाली, मोठ्याने.

पुरुषांचे हात वर झाले. सगळे. मी शालीच्या आत हात घालून मुलीचा पाय धरला होता, तो सकाळपासून धरलेलाच होता. ‘राजी आहे’ दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा तो पाय माझ्या बोटांत एकदा आखडला आणि सैल पडला. मी वाट पाहिली. माझं बोट तिच्या नाकाखाली नेलं. वाट पाहिली. मिस्टर हॅलेट कराराची वाक्यं वाचत होते, बेथाया ‘होय’, ‘होय’ म्हणत होती, आणि माझ्या बोटावर श्वास येत नव्हता.

“मूल आणा,” मिस्टर हॅलेट म्हणाले.

मेलेल्या मुलाचा बाप्तिस्मा करणं हे आमच्यात काय आहे हे मला सांगता येणार नाही, कारण तसं कोणी केलेलं मी ऐकलं नाही. मी उठून तीन शब्द बोलायला हवे होते. मी उठले, आणि मूल घेऊन पुढे गेले. चालता चालता मी शाली आणखी घट्ट ओढल्या. लोकांना वाटलं असेल म्हातारीला थंडी वाजतेय.

मिस्टर हॅलेटनी बोटाने बर्फ फोडला.

“नाव?”

“रिमेम्बर,” बेथाया म्हणाली. हे नाव तिने मलाही सांगितलेलं नव्हतं.

त्यांनी पाणी घातलं. कपाळावरून थेंब ओघळून कानापाशी गेला. मुलगी रडली नाही. “किती शांतपणे स्वीकारते आहे पाहा,” मिस्टर हॅलेट मंडळीला म्हणाले, आणि बायकांनी डोळे पुसले. मी शालीचं टोक तिच्या तोंडावर ओढलं आणि जागेवर येऊन बसले. स्तोत्र झालं. आशीर्वाद झाला. एवढा वेळ मी त्या मुलीला मांडीवर थोपटत बसले होते, कारण बेथाया बघत होती.

सभाघराच्या मागे एक झोपडी आहे. लांबून येणारे लोक तिथे दोन उपासनांच्या मधे जाळावर हात शेकतात. दुपारनंतर ती रिकामी असते. मी बेथायाला तिथे नेलं. बाहेर लोक तिचं अभिनंदन करायला थांबले होते. डीकन गॅम्लिनने तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेना. एनॉस बर्फावरची घसरगाडी आणायला गेला होता.

आत आल्यावर मी दार लावलं आणि मुलीला तिच्या हातात दिलं. मला काही सांगावं लागलं नाही. शाल उघडायच्या आधीच, नुसत्या वजनावरून तिला कळलं. ती मोठ्याने रडेल म्हणून मी तिचं तोंड दाबायला हात पुढे केला होता. ती रडली नाही. खाली बसली, मुलीचं टोपडं नीट केलं, कपाळावर पाणी पडलं होतं तिथे ओठ लावले आणि तसेच ठेवले.

मग तिने मान वर केली.

“कधी गेली?”

“आत्ताच.”

“आत्ताच नाही. गार पडलीये. खरं सांगा, टॅमसिनबाई. मी बोलण्याआधी गेली, की पाण्यानंतर?”

तिला नक्की काय विचारायचं होतं ते मला कळलं. मी इतकी वर्षं त्या सभाघरात फुकट बसले नव्हते. बोलण्याआधी गेली म्हटलं तर बेथायाचा शब्द निर्दोष. मुलगी तिच्या ‘राजी आहे’ने गेली नाही, आपलं आयुष्य संपवून गेली. पण मग पाणी प्रेतावर पडलं, आणि रिमेम्बर त्या तिघांबरोबर कुंपणाबाहेर. पाण्यानंतर गेली म्हटलं तर रिमेम्बर आत. पण मग देवाने शब्द ऐकला, गॅम्लिनला पकडलं तसं हिला शब्दात पकडलं, आणि आईनेच पोर देऊन टाकली. आणि खरं काय होतं? खरं या दोन्हींच्या मधे होतं. शब्दानंतर आणि पाण्याआधी. खरं सांगितलं असतं तर दोघीही बुडाल्या असत्या.

मला देवाचा राग आला होता, गॅम्लिनचा आला होता, आणि सगळ्यात जास्त या बाईचा, की हिने असला प्रश्न विचारावा. साधी आई असती तर तिने नुसता टाहो फोडला असता. पण आम्ही तिला साधं राहू दिलंच नव्हतं. माझ्यासकट सगळ्यांनी तिला साक्ष द्यायला शिकवलं होतं.

मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. त्यात एकच भीक होती, आणि ती स्वतःसाठी नव्हती.

“पाण्यानंतर,” मी म्हणाले.

“नक्की?”

“पाणी पडलं तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली. गार लागलं ना तिला. मी पाहिली. मग जागेवर येऊन बसल्यावर गेली.”

“म्हणजे आत गेली.”

“आत गेली गं. सगळ्यांच्या देखत आत गेली.”

बेथायाने डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर एक क्षण असं काही आलं की मला वाटलं खाडीच्या गवतात हिचं तोंड असंच झालं असेल. मग ते गेलं. ती मुलीला हळूहळू डोलवायला लागली, जिवंत मुलाला डोलवतात तशी.

“म्हणजे त्याने माझा शब्द पण ऐकला,” ती म्हणाली.

“काहीतरीच बोलू नकोस. मुलगी आठवडाभर दूध ओढत नव्हती. मला जन्मापासून...”

“नाही. मी राजी आहे म्हणाले आणि त्याने घेतली.” तिचा आवाज अगदी शांत होता. “खोटं बोलले मी, टॅमसिनबाई. मी राजी नव्हते. देवासमोर उभं राहून खोटं बोलले. अशा बाईची जागा कुठे असते ते मला माहीत आहे.”

“बेथाया, ऐक माझं.”

“असू दे. शब्द माझा होता, ते माझं मी बघेन. ती आत आहे ना?”

“आहे.”

“मग झालं.”

एनॉसने दार उघडलं. त्याने बायकोकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि चौकटीला डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. बेथायाच त्याला म्हणाली, “रडू नका. आपली ही आत गेली.”

मिस्टर हॅलेट आता दर वर्षी तरुण मुलींना बेथायाच्या साक्षीचा दाखला देतात. आईने पोर देवाच्या चरणी कसं ठेवलं, आणि देवाने ते बाप्तिस्म्याच्या पाण्यासकट कसं उचलून घेतलं. साधी भाषा, म्हणतात, हिच्याकडून शिका. मुली शिकतातही. त्यांच्या साक्षींत हल्ली भाकरी आणि मीठ फार येतं. मला ते ऐकून बाहेर निघून जावंसं वाटतं, पण उपासना चालू असताना उठता येत नाही.

बेथाया सभासदांच्या बाकावर माझ्या शेजारी बसते. तिथे बसायचा हक्क तिने कमावला आहे. प्रभुभोजनाच्या दिवशी भाकरीचं ताट बाकावरून फिरतं. ते तिच्याकडे येतं, ती दोन्ही हातांनी धरते, वाकून एकदा बघते आणि तुकडा न मोडता माझ्याकडे सरकवते. डीकन गॅम्लिनला वाटतं ही तिची नम्रता आहे. एकदा त्याने विचारलं, बहीण, तू घेत का नाहीस? ती म्हणाली, “ते आतल्यांसाठी आहे.” तो भारावून गेला, मूर्ख.

‘आधीच गेली होती गं, तू बोलायच्या कितीतरी आधी.’ एवढं वाक्य माझ्या जिभेवर दर वेळी येतं. ते बोलले तर बेथाया भाकरी खाईल. आणि त्याच क्षणी तिला ती लहान मुलगी बर्फात, इतर तिघांबरोबर बाहेर उभी दिसेल. मग मी ताट घेते, माझा तुकडा मोडते आणि चावत राहते, आणि ती माझ्या शेजारी उपाशी बसून राहते, राजी होऊन.